दूध, केळे आणि गूळ: दिवसाच्या साखरेच्या हिशेबात काय धरावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. आपले वय ४८, काम बसून करण्याचे, मधुमेह नाही, परंतु वजन थोडे वाढलेले आहे आणि डॉक्टरांनी साखर दिवसाला २५ ग्रॅमांच्या आत ठेवण्यास सांगितले आहे. म्हणून आपण मोबाइलमधील एका अ‍ॅपवर खाण्याची नोंद ठेवू लागलात. सकाळचे पेलाभर म्हशीचे दूध, अकराच्या सुमाराचे केळे आणि दुपारच्या जेवणातले वाटीभर दही एवढे भरले की मर्यादा ओलांडल्याचा लाल शेरा येतो. मात्र दोन वेळच्या चहातला गूळ, रात्री चपातीबरोबर घेतलेली काकवी आणि सुट्टीच्या दिवशीचा उसाचा रस यांची नोंद आपण करत नाही, कारण ते सगळे नैसर्गिक असून गूळ-काकवी तर ओळखीच्या गुऱ्हाळावरूनच घरी येते. तेव्हा नैसर्गिक साखर या मर्यादेत धरायची की नाही, धरायची तर दूध आणि फळे बंद करायची का, आणि मधुमेह असलेल्या आपल्या आईलाही हाच हिशेब लागू होतो का, असे आपण विचारले आहे.

या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ‘नैसर्गिक’ या एका सदरात दोन अगदी वेगळ्या गोष्टी आल्या आहेत. केळ्यातली साखर नैसर्गिक आहे आणि काकवीतलीही नैसर्गिकच आहे, परंतु ज्या मर्यादेबद्दल आपण बोलत आहोत तिच्या दृष्टीने पहिली हिशेबात येत नाही आणि दुसरी पूर्णपणे येते. आपल्या बाबतीत तर गंमत अशी झाली आहे की अ‍ॅपमध्ये जे भरले आहे ते या २५ ग्रॅमांत धरायचे नाही आणि जे भरलेच नाही ते सगळे धरायचे आहे. दूध, दही आणि केळे बंद करण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

असे का, हे समजण्यासाठी २५ ग्रॅम हा आकडा मुळात कशाचा आहे ते पाहावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मुक्त साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, ही त्यातली ठाम शिफारस आहे. ती ५ टक्क्यांच्या खाली आणावी, ही दुसरी शिफारस काहीशी हातचे राखून केलेली आहे. दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या माणसासाठी, एका ग्रॅम साखरेच्या ४ किलोकॅलरी धरल्या तर, पहिली मर्यादा ५० ग्रॅमांची आणि दुसरी २५ ग्रॅमांची होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही २५ ग्रॅमांचाच आकडा आहे आणि आपल्या डॉक्टरांनी बहुधा तोच सांगितला असावा.

आता मुक्त साखर म्हणजे काय? कारखान्यात, स्वयंपाकघरात किंवा खाणाऱ्याने स्वतः पदार्थात घातलेली कोणतीही साखर, आणि त्याशिवाय मध, निरनिराळे पाक, फळांचे रस व ते आटवून केलेले अर्क यांत मुळातच असलेली साखर. अख्ख्या ताज्या फळांतली, भाज्यांतली आणि दुधातली साखर या व्याख्येतून मुद्दाम वगळलेली आहे, कारण ती खाल्ल्याने अपाय होतो असा पुरावा नाही. या यादीत मधाचे नाव स्पष्टपणे आहे, याकडे मी आपले लक्ष वेधतो. मधाइतका माणसाचा हात न लागलेला गोड पदार्थ दुसरा क्वचितच असेल, तरीही तो हिशेबात येतो. म्हणजे ही मर्यादा ठरवणाऱ्यांनी नैसर्गिक आणि कृत्रिम अशी रेघ ओढलेलीच नाही. साखर पदार्थाच्या मूळ घडणीत अडकलेली आहे की त्यातून सुटी झालेली आहे, एवढेच त्यांनी पाहिले आहे.

मर्यादेचा आधार काय, हेही थोडक्यात सांगतो. तो मुख्यतः दोन गोष्टींवर आहे: वजन आणि दात. मुक्त साखर वाढली की वजन वाढते आणि कमी केली की उतरते, हे अनेक अभ्यासांत दिसले. दातांच्या बाबतीत जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिथे माणशी वर्षाला सुमारे १५ किलो साखर खाल्ली जात असे. टंचाईमुळे १९४६ साली ती ०.२ किलोवर आली आणि त्या काळात दात किडण्याचे प्रमाणही घसरले. ५ टक्क्यांची शिफारस अशाच प्रकारच्या पाहण्यांवर उभी असल्यामुळे ती ठाम स्वरूपाची नाही. व्यवहारात मी ५० ग्रॅमांना ओलांडू नये अशी हद्द मानतो आणि २५ ग्रॅमांना गाठण्याचा पल्ला. आपले वजन पाहता डॉक्टरांनी २५ सांगितले ते योग्यच आहे, परंतु एखाद्या दिवशी ३० झाले म्हणून हवालदिल होण्याचे कारण नाही.

साखरेचा रेणू कुठून आला हे शरीराला कळत नाही, हे खरे आहे. उसातली, गुळातली आणि कारखान्यातली पांढरी साखर ही मुख्यतः एकच, म्हणजे सुक्रोज. लहान आतड्यात तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात आणि पुढे ग्लुकोज रक्तातून सगळीकडे जाते, तर फ्रुक्टोज बहुतांशी यकृतात निकालात निघते. केळ्यातही हेच तीन प्रकार आहेत. फरक पडतो तो साखर किती वेगाने आणि किती प्रमाणात पोहोचते यात. राधानगरी धरणाचे पाणी थोडेथोडे सोडले जाते तेव्हा शेती पिकते आणि धरणाचे स्वयंचलित दरवाजे एकदम उघडले की पंचगंगा नदीकाठचे लोक सामान बांधू लागतात. पाणी तेच असते. अख्ख्या फळातली साखर पेशींच्या भिंतींच्या आत असते, ती चावून, फोडून, तंतूंमधून वाट काढत बाहेर यावी लागते, त्यात वेळ जातो आणि तोवर पोट भरल्याची जाणीव होते.

यावर १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक छोटा प्रयोग मला अजूनही फार बोलका वाटतो. त्यात दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन प्रकारे दिले: अख्खे, गर करून आणि चोथा काढलेला रस करून. तिन्हींत साखर सारखीच होती. रस अख्ख्या सफरचंदापेक्षा अकरा पट वेगाने आणि गरापेक्षा चार पट वेगाने संपला. पोट सर्वांत जास्त भरले ते अख्ख्या फळाने, त्याखालोखाल गराने आणि सर्वांत कमी रसाने. रक्तातील ग्लुकोज सुरुवातीला तिन्हींनी साधारण सारखेच वाढले, परंतु रसानंतर इन्सुलिन जास्त स्रवले आणि मग ग्लुकोज एकदम खाली घसरले. गरानंतर तसे थोडे कमी प्रमाणात झाले आणि अख्ख्या फळानंतर झाले नाही. पेलाभर रस पिऊन तासाभरात पुन्हा भूक का लागते, याचा उलगडा यात आहे. पुढे २०१३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अमेरिकेतील आरोग्यसेवकांच्या तीन मोठ्या गटांचा दीर्घकालीन अभ्यास आला. अख्खी फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचा धोका कमी दिसला आणि फळांचे रस पिणाऱ्यांत जास्त. अशा निरीक्षणांवरून कारण-परिणाम सिद्ध होत नाही, तरी दिशा तीच आहे.

आता गुळाकडे वळतो, कारण कोल्हापुरात या विषयावर बोलताना खरा वाद तिथेच होतो. इथल्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्याच्या चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु गुऱ्हाळावर काय होते ते एकदा साखरेच्या हिशेबाने पाहावे. ऊस चरकात जातो, चिपाड बाजूला पडते आणि तेच पुढे चुलवाणात जळणाला जाते. म्हणजे तंतूंचा भाग पहिल्याच पायरीला संपला. रस काहिलीत उकळतो, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणतात आणि काढून टाकतात. मग पाणी आटत जाते, काकवी होते, आणखी आटवली की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाक पाहून काहील उतरवतो आणि गुळाच्या ढेपा, म्हणजे रवे, भरले जातात. टनभर उसातून साधारण १०० किलोच्या आसपास गूळ पडतो. याचा अर्थ चहात टाकलेल्या १० ग्रॅम गुळाच्या खड्यामागे जवळजवळ १०० ग्रॅम ऊस आहे. या सगळ्या प्रक्रियेत कोणतेही रसायन वापरले नाही, असे क्षणभर गृहीत धरू. तरी जे घडले ते पाणी काढणे आणि तंतू काढणे, आणि उरली ती साखरच. १०० ग्रॅम गुळात साधारण ८५ ग्रॅम साखर असते. सेंद्रिय गुळातही तेवढीच.

‘पण गुळात लोह असते’ हे माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. असते, परंतु किती? निरनिराळ्या तक्त्यांत हे आकडे बरेच वेगवेगळे आहेत. १०० ग्रॅमांत ५ मिलिग्रॅम धरले तर १० ग्रॅमांच्या खड्यात अर्धा मिलिग्रॅम येते आणि आकडा दुप्पट धरला तरी एक मिलिग्रॅमच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम लोह लागते. ते गुळातून भरून काढायचे ठरवले तर साखरेची मर्यादा कित्येक पटींनी ओलांडावी लागेल. पांढरी साखर आणि गूळ यांतून एक निवडायचे असेल तर खुशाल गूळ निवडावा, त्यात खनिजे थोडी तरी असतात. फक्त तो मोजून निवडावा. साखरेला पर्याय म्हणून गूळ घेणारे लोक हात सैल सोडतात, असा माझा अनुभव आहे. गल्लोगल्ली झालेल्या गुळाच्या चहाच्या दुकानांत तर चहा नेहमीपेक्षा गोडच मिळतो.

काकवीचेही तेच. तिच्यात पाणी जास्त असल्यामुळे वजनाला साखर गुळापेक्षा कमी भरते, परंतु ती चमच्याने मोजून कोणी घेत नाही, ताटात ओतून घेतात. मधाबद्दल एक बारकावा सांगतो. मधात साधारण ८० टक्के साखर असते हे ऐकून लोकांना तो साखरेपेक्षा हलका वाटतो. पण मध जड असतो. चहाच्या एका सपाट चमच्यात साखर ४ ते ५ ग्रॅम मावते, मध सुमारे ७ ग्रॅम, आणि त्यातली साखर साडेपाच ग्रॅमांच्या आसपास. चमच्याला चमचा बदलला तर साखर उलट थोडी वाढते.

उसाच्या रसावर फार लिहिण्याची गरज नाही. १०० मिलिलीटरमागे साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर, म्हणजे रसवंतीगृहातला २५० मिलिलीटरचा बिनबर्फाचा पेला ३० ते ३७ ग्रॅमांचा. एका पेल्यात दिवसाची मर्यादा संपून वर काही उरते. मोसंबीच्या रसात प्रमाण यापेक्षा कमी असते, तरी तोही हिशेबात येतो, घरी काढलेला असला आणि वरून साखर घातलेली नसली तरीसुद्धा.

काही पदार्थ मात्र सीमेवरचे आहेत आणि तिथे तज्ज्ञांतही एकमत नाही. पहिला आमरस. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत फळांच्या रसाचा उल्लेख आहे, गराचा नाही. ब्रिटनने स्वीकारलेल्या व्याख्येत मात्र ज्या फळाची घडण मोडली आहे, असा गर किंवा लगदादेखील मुक्त साखरेत धरतात. मी ब्रिटिश पद्धत पाळतो, कारण वर सांगितलेल्या प्रयोगात गराचे वागणे फळ आणि रस यांच्या मधले होते आणि आमरसाची वाटी किती वेगाने रिकामी होते हे आपण सगळेच जाणतो. कापून खाल्लेला एक हापूस हिशेबात नको. मिक्सरमधून काढलेल्या वाटीभर आमरसात आंब्याचीच २० ग्रॅमांच्या आसपास साखर असते, ती धरावी, आणि वरून घातलेली साखर तर धरावीच. केळ्याच्या आणि चिकूच्या मिल्कशेकलाही हाच न्याय.

दुसरा खजूर. ब्रिटिश व्याख्येत अख्खा सुका मेवा मुक्त साखरेत येत नाही, वाटलेला येतो. त्यामुळे दिवाळीत ‘शुगर फ्री’ म्हणून भेट मिळणारे खजुराचे रोल आणि लाडू हे माझ्या मते साखरेचेच पदार्थ आहेत. अख्ख्या खजुरालाही सवलत मर्यादितच द्यावी: ३० ग्रॅम खजुरात १९-२० ग्रॅम साखर असते आणि पाणी गेल्यामुळे तो चटकन जास्त खाल्ला जातो. तिसरा पदार्थ आपल्या भागातलाच, सोलून चावून खाल्लेला ऊस. त्याचा उल्लेख मला कोणत्याही व्याख्येत सापडत नाही. चोथा थुंकून टाकला जातो आणि गिळला जातो तो रसच, म्हणून तत्त्वतः तो रसात मोडतो. परंतु एक कांडे चावायला जो वेळ आणि जबडा लागतो तो पाहता त्याचा अतिरेक करणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्याची नोंद नाही केली तरी चालेल.

दुधाचा भाग सोपा आहे. १०० मिलिलीटर दुधात ५ ग्रॅमांच्या आसपास लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते, म्हशीचे असो वा गाईचे. कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर उभे राहून समोर काढलेले पेलाभर धारोष्ण दूध घेतले तर त्यातले १० ग्रॅम २५ मध्ये धरायचे नाहीत. (धारोष्ण दूध न उकळता प्यावे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे माझे उत्तर नकारार्थी आहे.) गुंता होतो तो गोड केलेल्या दुधात. सुगंधी दुधाच्या २०० मिलिलीटरच्या बाटलीवर एकूण साखर २४ ग्रॅम लिहिली असेल, तर त्यातली १० दुधाची आणि १४ वरून घातलेली. लस्सी, श्रीखंड आणि बासुंदी यांचीही अशीच फोड करावी. भारतातल्या लेबलवर एकूण साखर आणि वरून घातलेली साखर, म्हणजे ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अ‍ॅडेड शुगर्स’, अशा दोन ओळी असतात. आपल्याला दुसरी पाहायची आहे. त्या ओळीसमोर दिलेली टक्केवारी ५० ग्रॅमांच्या प्रमाणात काढलेली असते, २५ च्या नाही. तिथे २० टक्के दिसले तर आपल्या मर्यादेचे ४० टक्के संपले असे समजावे. डबाबंद रसांच्या बाबतीत मात्र दुसरी ओळही दगा देते, कारण वरून साखर घातली नाही म्हणून तिथे शून्य असू शकते आणि रसाची स्वतःची साखर पहिल्याच ओळीत राहते. अर्क पातळ करून बनवलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये उत्पादकांना दिला, तो अशाच दिशाभुलीमुळे.

आपल्या अ‍ॅपचा दोष आता लक्षात येईल. ते खाण्यातली एकूण साखर मोजते आणि तिची तुलना मुक्त साखरेच्या मर्यादेशी करते. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, त्यांची जोडी चुकली आहे. अ‍ॅपमध्ये वरून घातलेल्या साखरेचे वेगळे सदर असेल तर ते सुरू करावे आणि गूळ, काकवी, मध व रस हाताने भरावेत. नसेल तर साध्या वहीत या चारांचीच नोंद पुरे.

आपला दिवस याप्रमाणे पुन्हा मांडू. दुधाचे १०, केळ्याचे १३ आणि दह्याचे ५ असे २८ ग्रॅम अ‍ॅपने दाखवले. मर्यादेच्या हिशेबात ते शून्य. दोन कप चहात प्रत्येकी १० ग्रॅम गूळ धरला तर १७ ग्रॅम साखर. काकवी अंदाजे २० ग्रॅम घेत असाल तर आणखी सुमारे १३. म्हणजे साध्या दिवशीच बेरीज ३० च्या आसपास जाते आणि रस घेतलेल्या दिवशी ती ६० च्या पुढे. जी साखर वजनाच्या मुळाशी असण्याची शक्यता आहे ती ही. कमी करायची झाल्यास मी आधी रसाला हात घालतो, कारण एका पेल्यात सर्वांत जास्त साखर तिथे आहे आणि सोडायला तो सर्वांत सोपा आहे. महिन्यातून एखादा अर्धा पेला ठेवला तरी चालतो. मग काकवी रोजच्या ताटातून काढून आठवड्यातून एकदोनदा. चहातला गूळ मी सगळ्यांत शेवटी आणि हळूहळू कमी करायला सांगतो, कारण तो एकदम बंद केलेली माणसे पंधरवड्यात परत मूळ पदावर येतात. पुरणपोळी आणि गूळपोळी यांच्या वाट्याला मी जात नाही. वजनासाठी आठवड्याची सरासरी महत्त्वाची असते आणि सण रोज येत नाहीत. दातांचे गणित वेगळे आहे. तिथे साखर किती खाल्ली याइतकेच दिवसातून किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व असते, म्हणून दिवसभर गोड चहाचे घोट घेत राहण्यापेक्षा जेवणाबरोबर एकदा गोड खाल्लेले बरे.

हा आकडा सर्वांना सारखा नसतो, हेही लक्षात ठेवावे. दिवसाला १,५०० किलोकॅलरींत भागणाऱ्या वयस्कर स्त्रीसाठी ५ टक्के म्हणजे १९ ग्रॅमच होतात. याउलट ऊसतोडीचे काम करणाऱ्या किंवा तालमीत दोन्ही वेळा घाम गाळणाऱ्या माणसाची ऊर्जेची गरज कितीतरी जास्त असल्यामुळे त्याची मर्यादाही वर सरकते. आपले काम बसून करण्याचे आहे, तेव्हा पैलवान मित्राच्या थंडाईकडे पाहून आपला पेला भरू नये. आपल्या तपासणीत यकृतावर चरबी किंवा ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढलेले आढळले असेल, तर रस आणि काकवी यांबाबत मी वर लिहिले त्याहून कडक राहीन.

फळे हिशेबाबाहेर आहेत म्हणजे अमर्याद आहेत असे मात्र नाही. त्यांची ऊर्जा मोजलीच जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसभराच्या नमुना ताटात फळे १०० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. एक केळे आणि एखादा पेरू इतके आपल्याला सहज चालेल. डझनभर केळी एका बैठकीत संपवून ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांची गोष्ट निराळी.

राहिला आईंचा प्रश्न, आणि इथे हिशेबाची वहीच बदलते. मधुमेहात केवळ साखर मोजून भागत नाही, एकूण कर्बोदके मोजावी लागतात. ८० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत साखर जवळजवळ नसते, परंतु पचल्यावर ग्लुकोज होणारी कर्बोदके ५५ ग्रॅमांच्या आसपास असतात. त्यामुळे आपल्यासाठी शून्य धरलेले दूध आणि केळे आईंच्या वहीत लिहावे लागते, भाकरी आणि भातही लिहावा लागतो. म्हणून फळ बंद करायचे असे नाही. जेवणावर लगेच न घेता दोन जेवणांच्या मध्ये एक मध्यम पेरू, छोटे सफरचंद किंवा अर्धे केळे घ्यावे आणि दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहावे. कोणाला कोणते फळ किती मानवते हे माणसागणिक बदलते आणि त्याचे उत्तर यंत्रच देते. गूळ, मध आणि काकवी यांना मधुमेहात साखरेहून वेगळी वागणूक देऊ नये. ‘गूळ चालतो’ या समजुतीने साखर नियंत्रणाबाहेर गेलेली माणसे माझ्याकडे नियमितपणे येतात.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या घरात सर्वांना माहीत असायला हवा. आई इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेत असतील आणि कधी घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होऊन रक्तातील साखर ७० च्या खाली गेली, तर त्या क्षणी वर सांगितलेले सगळे उलटे होते. तेव्हा अख्खे फळ उपयोगाचे नाही, कारण ते सावकाश पचते. शुद्धीवर असतील आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम सुटी साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा अर्धा पेला फळाचा रस द्यावा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि साखर वर आली नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. गुळाचा खडा चघळायला देऊ नये, त्यात वेळ जातो. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही न घालता लगेच दवाखान्यात न्यावे. आणि त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज हे नाव असेल तर साखर, गूळ आणि रस यांपैकी कशावरही विसंबू नये, कारण ही औषधे सुक्रोजचे विघटनच मंदावतात. अशा घरात औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या ग्लुकोज पावडरीचा डबा हाताशी असावा आणि तीच पाण्यातून द्यावी.